उलटी मोजणी
क्लच जळाल्याचा वास आला की जुळे सोलापुरातलं आमच्या कॉलनीमागचं मैदान आठवतं. तिथं मी बायकोला गिअरची स्कूटर शिकवत होतो. माझी सासू शहराच्या दुसऱ्या टोकाला आजारी होती, आणि बायकोला कुणावर अवलंबून न राहता आईकडे जाता यायला हवं होतं. क्लच सोडला की गाडी धक्का खाऊन बंद पडे. कट्ट्यावर माझे ऑफिसातले मित्र बसले होते. अवकाशयानांच्या जगातले इंग्रजी शब्द आम्ही तेव्हा उठताबसता वापरायचो. त्यांना हसवायला मी मोठ्यानं सुरू केलं, "टेन, नाइन, एट..." गाडी पुन्हा बंद पडली. "अगं, हे काय रॉकेट सायन्स आहे का?" सगळे हसले. तिनं गाडी स्टँडला लावली. "लई सोपं हाय न्हवं? मग तुमीच बसा की," म्हणाली आणि चालत घरी गेली. पुढे आईकडे जायचं असलं की ती मला विचारायची, आणि मी बरेचदा "उद्या जाऊ" म्हणायचो. तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो आणि बायको कोपऱ्यावर रिक्षा शोधत होती. आता आमची मुलगी गाडी शिकायची म्हणते. काल बायको तिला म्हणाली, "मामाकडनं शीक." मी समोरच बसलो होतो.