शिखरेश्वराची अर्धी प्रदक्षिणा

आई गेल्यावर अण्णा साताऱ्याहून आमच्याकडे परदेशात, यिशुनला आले, ते तीन महिन्यांसाठी. त्यांनी कायमचं इथेच राहावं म्हणून मी जंग जंग पछाडलं. इथे राहायच्या परवान्याची, लाँग टर्म पासची चौकशी केली, खोली रिकामी केली. अण्णा जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले मास्तर, पण उत्तर म्हणून काही देईनात. "लेकीच्या घरी किती राहायचं गं?" एवढंच पालुपद.

अशात मी थायलंड-कंबोडियाच्या सीमेवरच्या एका शिवमंदिराबद्दल वाचलं. उंच कड्यावर, हजारेक वर्षांपूर्वीचं, आणि देवाचं नाव शिखरेश्वर. माझ्या माहेरचं कुलदैवत शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव. नाव ऐकून अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "हा तर आपलाच दिसतोय. जाऊन येऊ, मग सांगतो राहायचं की नाही ते."

२००७चा डिसेंबर होता. नवऱ्याला तांजोंग पगारच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून मी, अण्णा आणि लेक सई असे तिघेच निघालो. बँकॉकहून दुसरं विमान पकडून उबोनला मुक्काम केला आणि सकाळी दिवसभरासाठी गाडी ठरवली. दोनेक तासांचा सरळ, गुळगुळीत रस्ता, दोन्हीकडे कापणी झालेली भातशेतं. शाकाहारी असाल तर डबा न्याच, तिथे पपईच्या कोशिंबिरीतही माशाचं पाणी घालतात. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कामी आली.

थायलंडच्या चलनातले सुटे बाथ जवळ ठेवा, कारण तिकीट दोनदा काढावं लागतं, आधी थायलंडचं, मग कंबोडियाचं. पासपोर्टवर शिक्का मात्र बसत नाही. देऊळ कंबोडियाचं, पायऱ्या चढायच्या थायलंडच्या बाजूने, आणि भोवतालच्या जमिनीवरून दोघांचं भांडण.

"बांधावरची भांडणं आपल्याकडेच असतात असं वाटायचं मला," अण्णा म्हणाले.

वाटेच्या कडेला सुरुंगाच्या लाल पाट्या होत्या. सईचा हात मी शेवटपर्यंत सोडला नाही. पायऱ्यांच्या तळाशी एक बाई कसलंसं सरबत विकत होती. अण्णांनी पेल्याचा वास घेतला आणि थबकले. बेलफळाचं होतं ते. पानं काही मिळाली नाहीत, म्हणून त्यांनी बेलफळाच्या दोन वाळक्या चकत्या मागून घेतल्या.

एकामागून एक गोपुरं ओलांडत वर पोचलो. शिखर कधीच ढासळलेलं, पिंडी नाही, आत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि उदबत्त्या. अण्णांनी एक चकती तिथे ठेवली, हात जोडले आणि प्रदक्षिणेला निघाले. मागच्या बाजूने फिरून उत्तरेला आले आणि थांबले. पिंडीवरच्या पाण्याची पन्हळ उत्तरेला असते आणि महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते. ते आल्या वाटेने मागे वळले.

"आजोबा, नो वॉटर व्हॉट. जस्ट वॉक राउंड लाह," सई तिच्या यिशुनच्या इंग्रजीत म्हणाली.

तेवढ्यात एक पहारेकरी हसत आला. त्याला वाटलं, म्हातारा सीमेला घाबरला. "ओके, ओके, ऑल कंबोडिया. नो प्रॉब्लेम."

"बॉर्डर इज नॉट द प्रॉब्लेम," अण्णा मास्तरी इंग्रजीत म्हणाले. "वॉटर इज."

मग आम्ही कड्याच्या टोकाशी बसलो. खाली कंबोडियाचं मैदान पार क्षितिजापर्यंत पसरलेलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. "तुझ्या आईला हे दाखवायला हवं होतं," ते म्हणाले. मला रडू आलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "इथवर आलो, फार बरं वाटलं. आता मला परत जाऊ दे." ते देवळाबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं.

जानेवारीत अण्णा साताऱ्याला गेले. त्याच वर्षी सीमेवर सैन्य आलं आणि थायलंडकडून वर जायची वाट बंद झाली, तेव्हा त्या वाटेने जायचा बेत तूर्त नको. दुसरी चकती आमच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी आहे. वास आता गेलाय.

परवा फोनवर मी चिडून म्हटलं, "अण्णा, तुमचं सगळं अर्ध्यावरच."

"महादेवाची अर्धीच घालतात," ते म्हणाले, "पण पुन्हा पुन्हा घालतात."

या डिसेंबरात ते येताहेत. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलंय.