गोड्या पाण्यातली होडी

मुलांनो,

तुमचं पत्र आणि फोटो मिळाला. लहानशा होडीत तुम्ही दोघं उभे आहात, अंगात फुगीर जाकिटं, मागे मोटर, हातात गळ. तुमच्या आईने खाली लिहिलंय, "खापरपणजोबांचं रक्त!" आणि तुम्ही विचारलंय की होडीवर रंगवायला त्यांचं नाव हवंय, ते मी पाठवावं.

नाव मी पाठवणार नाही. त्याऐवजी हे पाठवते. तुमच्या घरात जी गोष्ट सांगितली जाते ती मला ठाऊक आहे. पणजीचा बाप जंगल सोडून समुद्रावर गेला, त्यात सगळं बुडालं, म्हणून पणजीला वकिलांच्या घरी जावं लागलं, तिथे ती इंग्रजी शिकली, आणि म्हणून आज आपण सगळे असे आहोत. म्हणजे झालं ते बरंच झालं. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, पाहुण्यांकडून, सासरी, माझ्या स्वतःच्या मुलांकडून. मी कधी काही बोलले नाही. आता तुम्ही ते होडीवर रंगवायला निघालात, म्हणून बोलते. शाळेत शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा पहिल्यापासून क्रमाने सांगते.

आमचं गाव जोयड्याच्या पलीकडे, काळी नदीच्या काठी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझ्या वडिलांना मी आप्पा म्हणत असे. त्या काळी आमच्याकडे डोंगराचा एक तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी पेरत. त्याला कुमरी म्हणत. सरकारने ती बंद केली. खालचं भाताचं खाचर एवढंसं, त्यात आप्पांचा आणि त्यांच्या भावाचा वाटा. पोट भरेना. आप्पांजवळ दुसरी एकच विद्या होती, होडीची. एका आख्ख्या खोडाची कोरलेली त्यांची होडी नदीच्या उतारावर असे. माणसं पलीकडे न्यायची, डोहात मासे धरायचे.

त्या होडीची निगा कशी राखत ते नीट वाचा, पुढचं सगळं त्यातच आहे. होळी झाली आणि ऊन तापू लागलं की कोरीव होडी उन्हात तडकते. एकदा उभी चीर गेली की संपलं. म्हणून आमच्याकडचे सगळे होडीवाले फाल्गुन सरताना होडीत दगड भरून ती डोहात बुडवून ठेवत. रेटायचा बांबूसुद्धा आत बांधून. उन्हाळाभर ती पाण्याखाली राही आणि वर काढली की नव्यासारखी निघे. आप्पा, त्यांचे वडील, त्यांचे आजे, सगळ्यांनी हेच केलं होतं.

कुमरी गेल्यावर आमच्या एका नातेवाइकाने कारवारातल्या वकिलांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. त्यांच्या घरी मूल सांभाळायला पोरगी हवी होती. खाऊन-पिऊन राहायचं. आई म्हणाली, "माझी पोर मी कुणाच्या दारात न्हाई ठेवायची." आप्पा म्हणाले, "एक वरीस दे मला. ह्याच नदीचा दर्या हुतोय खाली. नदी येतीया मला, दर्या का न्हाई येणार?"

तर असा तो करार. दर्या आला, तर मी घरी. नाही आला, तर वकिलांकडे. माझ्यासमोरच ठरलं.

आप्पांनी नवीन होडी कोरली, जुन्यापेक्षा रुंद. आंब्याचं खोड होतं, घरामागचं. दसऱ्यानंतर गावच्या माणसांनी ती बांबूंना बांधून खांद्यावर घेतली आणि घाट उतरून कद्र्याला नेली. कुणी काही घेतलं नाही. गावात घर शाकारायचं असलं की जसे सगळे येत, तसे आले. कद्र्यापासून आम्ही तिघं होडीत बसलो आणि खाली सदाशिवगडाच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी, झावळ्यांची खोपी घालून राहिलो.

पहिल्या दिवशी आप्पा समुद्रावर बांबू घेऊन गेले. नदीत आम्ही बांबू तळाला रेटून होडी चालवतो. किनाऱ्यावर मासेमारांचा घोळका जाळी सोडवत बसला होता. आप्पांनी बांबू खाली घातला, तो जातच राहिला, आणि ते स्वतः पाण्यात पडता पडता वाचले.

"आगा रानकारा," एक जण ओरडला, "दर्याचो तळ सोदता? आमच्या आज्याक पण गावलो ना!"

दर्याचा तळ त्यांच्या आज्यालाही सापडला नव्हता म्हणे. सगळे हसले. आप्पाही हसले. मग सवयीने त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं, तेव्हा तर बायकाही हसल्या. मीसुद्धा हसले. तेव्हा हसू येण्यासारखंच होतं ते.

पण आप्पा शिकले. कुणी शिकवलं नाही, त्यांनी बघून बघून घेतलं. तिथल्या होड्यांना एका बाजूला, हातभर अंतरावर, एक लांब ओंडका आडव्या काठ्यांनी बांधलेला असतो, त्याला उलांडी म्हणतात. तो लाटेवर होडी पालथी होऊ देत नाही. आप्पांनी दोनदा पालथं झाल्यावर उलांडी बांधली. बांबू गेला, वल्हं आलं. पहाटे वारा जमिनीकडून सुटतो तेव्हा बाहेर जायचं आणि दुपारी तो फिरला की त्याच्या आधाराने परतायचं, हे त्यांना कळलं. डोंगराचं टोक आणि दीपस्तंभ एका रेषेत आले की तिथे गळ टाकायचा, हेही कळलं. आधी रोज ओकत. मग ओकणं थांबलं.

आई मासे टोपलीत घालून गावातून फिरू लागली. तिला ओरडून विकायची लाज वाटे. शेजारच्या खोपीत एक मासेमार बाई राहत असे, वयाने आईपेक्षा थोरली, दात रंगलेले, आवाज मोठा. ती आईला म्हणाली, "अगो, देवळांत आयलां काय तूं? मोठ्यान उलय! बांगडो कोणाक बेजार करिना." आणि तिने स्वतः रस्त्यात उभं राहून, मोठ्याने ओरडून आईची टोपली विकून दाखवली.

माघात वकिलांचा निरोप आला, मुलीचं काय ठरलं म्हणून. आप्पांनी बांगड्यांचं आमटं भुरकत भुरकत निरोप्याला सांगितलं, "न्हाई म्हणावं. पोर हितंच हाय." त्या आमट्यातल्या तिरफळांचा वास मला आला की अजून ते वाक्य ऐकू येतं. मी तेव्हा आईच्या पदराआड होते आणि आई चुलीकडे तोंड करून हसत होती. मी तिला तशी हसताना पुन्हा पाहिली नाही.

आता चूक.

तिथले लोक रोज मासेमारी झाली की होडी वाळूवर ओढत. चार जण लागत, दमायला होई, पण ओढत. वाळलेल्या होडीला माशांचं तेल चोळत. आप्पांची होडी मात्र खाडीत दोराला असे. ओढायला आम्ही तिघंच होतो हे एक, आणि दुसरं म्हणजे ओढावी असं त्यांना वाटतच नव्हतं. लाकडाला ऊन दाखवायचं नाही, हे त्यांच्या हाडांत होतं.

फाल्गुन आला. शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, गावी जायचंच होतं आणि पुढे घर शाकारणं, खाचराची नांगरणी, मग पाऊस. म्हणजे श्रावणातल्या नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंदच. आप्पांनी उलांडी सोडली. होडी खाडीच्या शांत वळणावर नेली. नदीतले गोटे वेचून आणून आत भरले आणि ती हळूच बुडवली, मूल निजवावं तशी.

शेजारची बाई काठावर आली. बघत राहिली. मग आईला बाजूला ओढून म्हणाली, "गो बाय, तुज्या घोवाक सांग. होडी वयर काड म्हूण. हांगा खारें उदक. कीड खायत तिका."

आईने आप्पांना सांगितलं. मी तिथेच होते.

"आवो, ती म्हणतीया वर काढा. खाऱ्या पाण्यात कीड लागतीया म्हणं."

"पाण्यात कीड?" आप्पा म्हणाले. "कीड लागती ती उघड्यावर. पाण्यातलं लाकूड कुणी खाल्लंय व्हय? इचार तिला, किती झाडं तोडलीस म्हणावं आजवर."

"तिथं जलमली ती. उगं का सांगंल?"

"मासळी तिची, लाकूड माझं. मासळीचं सांगितलं तर ऐकीन."

किनाऱ्यावरचे पुरुष दुरून बघत होते. तेच ते, बांबूवरून हसलेले. एकालाही उठून येऊन आप्पांच्या तोंडावर सांगावंसं वाटलं नाही. का, ते मी पुढे खूप वर्षं शोधत राहिले. बाहेरचा माणूस म्हणजे मासळीला एक तोंड जास्त म्हणून? की रानातला माणूस लाकडाचं ऐकणार नाही, हे त्यांनी ओळखलं म्हणून? काही असो, त्यांना माहीत होतं, आणि ते विड्या ओढत बसले.

आप्पा दगड बसवण्यात गुंतले होते तेव्हा आईने पाण्यात उतरून होडीला बांधलेलं वल्हं सोडवून घेतलं. "ह्ये कशाला?" आप्पांनी विचारलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "घरात लागंल कायतरी रेटायला." ते वल्हं खांद्यावर घेऊन ती घाट चढली.

नारळी पौर्णिमेला आम्ही परत आलो. किनाऱ्यावर होड्या रंगवून, फुलं बांधून तयार होत्या. आप्पांनी दगड काढले. होडी आपणहून वर आली, आणि बाहेरून ती ठीकच दिसत होती. फक्त जागोजागी बारीक भोकं, सुईने टोचल्यासारखी. आप्पांनी त्यांवरून अंगठा फिरवला. मग दोर लावून ओढायला घेतली. त्या दिवशी मात्र दोन मासेमार मदतीला आले. सगळ्यांनी जोर लावला आणि होडीचं नाक आप्पांच्या हातात आलं.

तुटलं असं मी म्हणणार नाही. पोळ्यातून मध काढल्यावर जे उरतं, तसं ते होतं. बाहेर पापुद्रा आणि आत नुसत्या नळ्या, शेजारी शेजारी, गुळगुळीत. काहींत ती कीड अजून होती, पांढरी, मऊ, बोटाएवढी लांब.

त्या दोघांतला एक हळू आवाजात म्हणाला, "सांगिल्लें न्हय तुका?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू न्हाई सांगितलंस," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी वाकस घेतली आणि होडी तासायला बसले. त्यांना वाटत होतं, आत कुठेतरी घट्ट लाकूड लागेल, तिथून लहान होडी काढू. पौर्णिमेचे नारळ समुद्रात पडत होते, लोक ओरडत होते आणि आप्पा तासत होते. दुसऱ्या दिवशीही. आईने भाकरी नेऊन ठेवली, ती कावळ्यांनी खाल्ली. घट्ट लाकूड लागलं नाही. शेवटी त्यांच्यासमोर भुश्शाचा ढीग होता आणि लाटा तो थोडा थोडा नेत होत्या.

वरीस संपलं होतं. मला आप्पांनीच वकिलांच्या घरी नेलं. दारात वकिलांच्या बाईंनी विचारलं, "मुलगी कामाची आहे ना?" आप्पा म्हणाले, "व्हय. सांगितलेलं ऐकती." मग माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले आणि मध्येच तो मागे घेतला, वाकसेने सोलवटलेला होता म्हणून असेल.

पुढचं तुम्हांला ठाऊक आहे. त्या घरच्या थोरल्या मुलाला शिकवायला मास्तर येत, मी मूल मांडीवर घेऊन ऐके, बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी शाळेत घातलं. चांगली माणसं होती. मी त्यांचं वाईट बोलणार नाही. पण आप्पा परत जंगलात गेले, ठेकेदाराच्या झाडतोडीवर. ज्या डोंगरावर त्यांना नाचणी पेरायची बंदी होती, तोच डोंगर त्यांनी दुसऱ्यासाठी उजाड केला. आई वर्षातून एकदा मला भेटायला घाट उतरून येई आणि वकिलांच्या मागच्या पडवीत बसे, पाहुण्यासारखी. माझ्या इंग्रजी पुस्तकाला ती हात लावत नसे. एकदा म्हणाली, "शिक बाई. एवढं म्हागाचं पडलंय." मग आप्पा तापाने गेले आणि मागोमाग तीही.

म्हणून झालं ते बरं झालं, असं माझ्यासमोर पुन्हा म्हणू नका. मला शाळा आवडली, इंग्रजी आवडली. तरी कुणी विचारलं असतं, तर मी त्या खोपीत बांगड्याचं आमटं खात राहिले असते. कुणी विचारलं नाही. आणि किडीचे उपकार मानायला मी तयार नाही.

रक्ताचं म्हणाल, तर आमच्या रक्तात समुद्र कधीच नव्हता. रक्तात गोडं पाणी होतं आणि आप्पा बुडाले ते त्यामुळेच. तुम्ही खुशाल मासे धरा. होडीला दुसरं कोणतंही नाव द्या. तिथल्या लोकांना विचारून ती ठेवा, आणि कुणी नवा माणूस आला, तर उठून त्याच्या तोंडावर सांगा.

आमचं घर राहिलं नाही. खाचर चुलत्यांकडे गेलं, आणि आता नदीवर धरण बांधताहेत, तेव्हा आमच्या होड्या जिथे बुडवून ठेवत तो डोहही वरून ओळखू येणार नाही. वल्हं आहे. माझ्या खोलीत दारामागे उभं आहे. पात्याला एक जुनी चीर आहे, पण कीड लागलेली नाही.