एक पाकळी जास्त

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच आल्याचा काढा गाळत होते. काढा कुणाच्या तरी हाती पाठवायचा होता, कारण मला तिच्याकडं जायला बंदी होती. "व्हायरल आहे गं, येऊ नकोस, तुला लागण होईल," असं ती दिवाळीपासून फोनवर सांगायची... विषाणूंवर जन्मभर संशोधन केलेली मैत्रीण सांगते म्हटल्यावर शंका कोण घेणार? फोनवर तिची भावजय मंगल होती. रडत म्हणाली, "कॅन्सर व्हता, बाई. तुमाला ठावं नव्हतं व्हय?" नव्हतं. तिच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, तिच्या चिकलठाण्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईलाही होतं. मला रडू आलं नाही, राग आला.

खरं तर 'व्हायरल' म्हणून कुणी मोकळं झालेलं तिला खपत नसे. लगेच विचारायची, "कोणता? त्याला नाव असेल ना?" मी चित्रकलेची शिक्षिका, विज्ञानात ढ, पण तिच्या व्याख्यानांना रांगोळीचा डबा घेऊन जायचे. गंगापूरला एकदा तिनं बायकांना ओळीनं बसवलं. पहिलीनं माझं पाच पाकळ्यांचं फूल बघून काढायचं, पुढच्या प्रत्येकीनं फक्त शेजारणीचं बघायचं. कुणाची पाकळी वाकडी झाली, कुणाचा देठच राहिला. मधेच एकीनं चुकून सहावी पाकळी काढली. ती पुढच्या सगळ्यांना आवडली आणि शेवटपर्यंत टिकली. "विषाणू असाच बदलतो," सुनंदा म्हणाली. "स्वतःची नक्कल काढताना चुकतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळं पसरायला सोपं जातं, मग तीच पुढं चालते." मेंढरं राखणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजी त्याला अक्कल नाय?"

"नाय मावशी. अक्कल नाय, कपट बी नाय. म्हणून उगा भ्यायचं नाय, समजून घ्यायचं."

परतताना जीपमध्ये मला चिडवत होती, "तुझ्या फुलापेक्षा चुकलेलंच बरं दिसलं." तेव्हापासून तिच्या दारात रोज सहा पाकळ्यांचं फूल असायचं.

कपट नाय म्हणे... विषाणूला नसेल, तिला होतं. आजारात कुणी बघू नये असं वाटू शकतं, मला कळतं. मग सरळ 'येऊ नकोस' म्हणायचं होतं, मी भांडले असते आणि तरीही गेले असते. ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर तिनं न पसरणारा रोग पसरणारा करून सांगितला.

सुतक फिटल्यावर गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. दारात तेच फूल होतं. मंगल म्हणाली, "ताईंनीच शिकवलं. हितं खुर्चीत बसून सांगायच्या, आणिक एक पाकळी काढ म्हणून."

"कधी?"

"आत्ताच की, दिवाळीनंतर."

म्हणजे मी लांब राहिले तेव्हाही दार उघडंच होतं. मंगल आत बोलावत होती आणि मी रांगोळीच्या अलीकडं उभी होते. उगाच भिऊ नका असं गावोगाव सांगत फिरलीस, सुनंदा, आणि मला मात्र भीती घातलीस. मी भ्याले गं.