आत्याबाईंची कातडी

“मरू देनार न्हाई मी तिला, ताई.” उजवा हात पदराखाली ठेवून ती हे म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटावं, सासूवर केवढी ही माया! मलाही तसंच वाटलं होतं.

शिंगणापुरात माझं औषधांचं दुकान आहे आणि तिचं घर आमच्याच गल्लीत. नवरा वारलेला, घरात ती आणि सासू दोघीच. सासूला लकवा झाला. वाचा गेली, एक बाजू गेली, कान मात्र शाबूत राहिले. पडून पडून आणि लघवीच्या ओलाव्याने म्हातारीच्या माकडहाडाजवळची कातडी आधी लाल झाली, मग फाटली. डॉक्टरांनी जखमेला पट्टी दिली आणि भोवतीच्या कातडीसाठी झिंकचं पांढरं मलम. ते लावायला मी सुनेला शिकवलं. कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं आणि वर पातळ थर द्यायचा, म्हणजे ओलावा कातडीपर्यंत पोचत नाही.

पहिल्या दिवशी तिने भिंत लिंपावी तसं मलम थापलं.

“अगं, पातळ! घर सारवतेयस का?”

“मग नीट शिकवा. माझ्या हातनं ही कातडी खराब झाली, तर माझं समदं वाया जाईल.”

काय वाया जाईल, ते पुढे कळलं. आमच्या गावात घरांना दारं नसतात. एका सकाळी पट्ट्या द्यायला गेले, तर आतून तिचा आवाज आला. अगदी हळू, अंगाई म्हणावी तसा.

“आत्याबाई, आठवतंय का? माझ्या हातावर कढईतलं तेल सांडलं. ह्ये मला दवाखान्यात न्यायला निघाले, तर तुमी उंबऱ्यात आडव्या उभ्या राह्यलात. काय म्हनलात? राख लाव आन् भाकरी थाप. थापल्या मी. फोड फुटून पीठ लाल झालं, तवा ती भाकरी तुमी कुत्र्याला टाकली.”

बोलता बोलता ती त्याच हाताने मलम लावत होती. शेवटची दोन बोटं एकमेकांना कायमची चिकटलेली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने तेही मऊ फडक्याने टिपलं.

मी तिला बाहेर बोलावलं. “कशाला छळतेस गं तिला?”

“छळते? अंगावर एक ओरखडा दाखवा. मला तिच्या तोंडून एकच शब्द पायजे, चुकलं. तवर जगवनार.”

बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या, “सून असावी तर अशी!” ती दात खाऊन निघून जायची.

जखम भरत आली. म्हातारीला थोडी वाचाही फुटली. त्या दिवशी सून धावत दुकानात आली. “बोलली, ताई!”

“काय म्हणाली?”

“पानी.” ती कडवट हसली. “दिलं. काय करता?”

ऐन उन्हाळ्यात म्हातारीला दुसरा झटका आला आणि ती गेली. तो शब्द न बोलताच गेली. अंघोळ घालायला आम्ही बाया जमलो. नेवाशाहून आलेली नणंद आईची पाठ पाहून हुंदके देऊ लागली. “डाग न्हाई गं वहिनी, आईच्या अंगावर! देवमानूस हायेस तू.”

सुनेने हातातला तांब्या खाली ठेवला. बाही वर सरकवली आणि तो भाजलेला हात सासूच्या स्वच्छ पाठीवर ठेवला.

“डाग हितं हाय. समद्यांनी बघा. ह्ये हिनं केलंय, आन् हिची पाठ मी केलीय.” मग नणंदेकडे वळली. “आन् तू बी तवा चुलीम्होरंच बसली हुतीस.”

नणंदेने मान खाली घातली. “चुकलं, वहिनी.”

“तुझ्याकडनं न्हाई पायजे हुतं,” ती म्हणाली आणि पुन्हा पाणी घालू लागली.

दहाव्यालाही ती थांबली नाही. राळेगणला बहिणीकडे निघून गेली, ती परत आली नाही. मध्यंतरी नणंद तिला भेटून आली. माझ्या दुकानात बसून सांगत होती, “चहा दिला वहिनीनं. पर बस म्हनली न्हाई. उभ्या उभ्याच पिला मी.”