खरी तारीख, कामाची तारीख

शाळेच्या कार्यालयात खिडकीला पाठ करून एक टेबल होतं. त्यावर लाकडी पट्टी, टीपकागद, शाईची दौत आणि टाक. बॉलपेन येऊन जमाना झाला, तरी टेबलामागच्या कारकुनाने प्रवेशाच्या रजिस्टरात ते कधी टेकवलं नाही. म्हणून त्यांना सगळे टाकसाहेब म्हणत. बायकोही वैतागली की तेच म्हणे.

एकतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नव्हती. जन्मतारीख आधी आकड्यांत, मग अक्षरांत, खाली पालकाची सही. जन्मदाखला नसेल तर आईबापाचं प्रतिज्ञापत्र जोडलं की भागे. मूल घेऊन आलेल्या बापाकडे चष्म्यावरून बघत ते हलक्या आवाजात विचारायचे, "खरी लिहू की कामाची?"

कामाची तारीख म्हणजे वर्ष-दीड वर्ष पुढची. पोरगं कागदावर तेवढं लहान राहणार. पुढे नोकरभरतीत वयाची मर्यादा आडवी येणार नाही, आणि नोकरी लागलीच तर ती तेवढी लांबणार. या कामाचा त्यांनी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. त्यांचे वडील सरकारी गोदामात हमाल होते. लहानपणी मास्तरने अंदाजपंचे तारीख ठोकून दिली होती, ती तीन वर्षं आधीची निघाली. पंचावन्नाव्या वर्षी त्यांना कागदावर अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून घरी बसवलं. ते आठ महिने दाराच्या पायरीवर बसून राहिले आणि गेले. "नोकरी लागणं नशिबात, सुटणं मास्तरच्या हातात," असं टाकसाहेब सांगायचे. पुढे टाक त्यांच्याच हातात आला.

लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली, नऊ फेब्रुवारीला. नगरपालिकेत तिची नोंद त्यांनी मुद्दाम केली नाही. पहिलीत घालताना स्वतःच प्रतिज्ञापत्र करून रजिस्टरात पुढच्या वर्षीची सहा जानेवारी लिहिली. दुसऱ्यांना दीड वर्ष देणाऱ्याने स्वतःच्या पोरीसाठी हात आखडता घेतला; ते अकरा महिन्यांवरच थांबले. मूल चारचौघांत बोलून जाईल म्हणून तिलाही सहा जानेवारीच सांगितली.

मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. शाळा सुटल्यावर कार्यालयातल्या त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ती दोन वर्षं अभ्यास करत होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तिचा क्रमांक आला चारशे बारा. जागा सहाशे होत्या. शाळेच्या फळ्यावर तिचा क्रमांक लिहिला गेला आणि तीन दिवस कुणी पुसला नाही.

कागदपत्रं तपासायला बापलेक वैद्यकीय महाविद्यालयाच्या सभागृहात गेले. टेबलामागचा कारकून पंचविशीतला होता, अदबीने बोलत होता. गुणपत्रिका पाहिली, रहिवासी दाखला पाहिला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचं बोट थांबलं.

"काका, अक्षर काय सुंदर आहे हो. पण वयात बसत नाही."

"म्हणजे?"

"एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण पाहिजेत. हिला सहा दिवस कमी पडतात."

"सहा दिवस?" मुलगी म्हणाली. "मग परीक्षेला कसं बसू दिलं?"

"परीक्षेला अट नाही, ताई. प्रवेशाला आहे. माहितीपुस्तकात नवव्या पानावर आहे बघा." त्याने दाखला परत दिला. "तारखेत चूक असेल तर शाळेकडून दुरुस्ती आणा, शिक्षण कार्यालयाच्या शिक्क्यासकट. सोळा तारखेला पाचपर्यंत. नाहीतर जागा खालच्या मुलाला जाईल."

तीस वर्षं लोकांना फॉर्मवरचं बारीक अक्षर वाचून दाखवणाऱ्या माणसाने नववं पान वाचलं नव्हतं. वय जास्त भरलं तर अडतं हे त्यांना माहीत होतं. वय कमी पडूनही अडू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

जिन्यात त्यांनी मुलीला खरी तारीख सांगितली. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"फेब्रुवारी?"

"हो."

"आईला माहितीये?"

"तिला नसेल तर कुणाला असेल?"

दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापिकाबाईंसमोर बसले. बाई मदतीला तयार होत्या. "लेखनदोष म्हणून पत्र देते. त्यात काय एवढं!" त्यांनी रजिस्टर मागवलं. पान उघडलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आकड्यांत सहा जानेवारी. अक्षरांत सहा जानेवारी. सोबत जोडलेल्या प्रतिज्ञापत्रातही सहा जानेवारी.

"यात दोष कुठे दाखवू, टाकसाहेब? एक खोड तरी मारून ठेवायचीत."

"प्रसूतिगृहाच्या वहीत खरी नोंद आहे."

"असेल. पण मग इथे ही कशी आली, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. मुद्दाम लिहिली म्हणून. ते पत्र मी वर पाठवीन, आणि वरचे रजिस्टर घेऊन जातील. एकट्या तुमच्या पोरीचं पान काही फाडून नेणार नाहीत." त्यांनी दोन-तीन पानं उलटली. "अशी किती आहेत?"

त्यांनी कधी मोजली नव्हती. "तीनशे. चारशेही असतील."

बाईंनी रजिस्टर मिटलं. "हे मी ऐकलं नाही."

दाराशी बसलेल्या शिपायाने मात्र ऐकलं होतं. संध्याकाळी घरी दोघे आले, एक बसड्रायव्हर आणि एक परिचारिका. दोघांचीही नावं एकेकाळी त्याच टाकाने रजिस्टरात चढली होती.

ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर टेकला. "साहेब, भरतीच्या दिवशी मी मर्यादेच्या आत होतो ते तुमच्या कृपेनं. खऱ्या तारखेनं मला गेटवरूनच हाकललं असतं."

"माहितीये रे."

"आता तुम्ही खरं बोलायला निघालात. चांगलंय. पण खरं बोलायचा मुहूर्त जरा उशिरा लागला, नाही?"

परिचारिका म्हणाली, "काका, एक वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी हीच तारीख बसते. हुशार आहे, परत देईल परीक्षा. आमची गेलेली नोकरी परत देता येणार आहे का?"

टाकसाहेबांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "परीक्षा तू देणारेस का गं तिच्याऐवजी?"

"काकू, मी तशी नाही—"

"तशीच. सगळे तसेच." ती नवऱ्याकडे वळली. "यांना चारशे घरं दिसतात. स्वतःच्या घरात एक पोरगी आहे, ती दिसत नाही."

मुलगी आतल्या खोलीत होती. दार उघडंच होतं. ती बाहेर आली नाही.

टाकसाहेबांनी पत्र लिहिलं. चांगल्या कागदावर, टाकाने, समास सोडून. 'सदर नोंद मी जाणूनबुजून केली असून तीस सर्वस्वी मी जबाबदार आहे.' त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पत्र द्यायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं, याची त्यांना कल्पना होती. तेवढ्यापुरते ते तयारही होते. पत्राखाली सही केल्यावर त्यांनी शाई वाळू दिली, टीपकागद लावला नाही.

सोळा तारखेला दुपारी दोनला पत्र पाकिटात घालून ते शिक्षण कार्यालयाकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. बस त्याच ड्रायव्हरची होती. त्याने आरशातून पाकीट पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली. कार्यालयाचा थांबा आला. दोन बायका उतरल्या. ड्रायव्हरने दार उघडं ठेवलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"साहेब, तुमचा थांबा."

टाकसाहेब उठले, दांडा धरला आणि परत बसले.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. ड्रायव्हर खाली उतरून पाणी प्यायला, चाकाला लाथ मारून आला. "परत जाताना लागेल तो थांबा. थांबवू?"

"बघू," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर थांबा आला तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. या वेळी ड्रायव्हरने काही विचारलं नाही. टाकसाहेबही उठले नाहीत. पाकिटाची कड घामाने मऊ झाली होती.

घरी मुलगी ओट्यापाशी उभी होती. वडिलांच्या खिशातलं पाकीट तिला दिसलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. अजून अर्धा तास होता, पण त्या अर्ध्या तासात तिथे पोचता येत नव्हतं.

"पुढच्या वर्षी बसेन," ती म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली. आई तीन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मीठ मागायच्या निमित्ताने बोलली.

पुढच्या वर्षी वय बसलं, क्रमांक बसला नाही. एक हजार नऊशे. त्याच्या पुढच्या वर्षी दोन हजार तीनशे. अभ्यास कमी पडला की मन लागलं नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. चारशे घरांपैकी एकही नोकरी गेली नाही. ड्रायव्हर रस्त्यात दिसला की हात कपाळाला लावतो. परिचारिका मात्र मुलगी दिसली की रस्ता ओलांडते.

टाकसाहेब निवृत्त झाले त्याच महिन्यात मुलीने रक्त तपासणीच्या अभ्यासक्रमाचा अर्ज आणला. दोन वर्षांचा, पुढे प्रयोगशाळेत काम. ते खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचत होते. ती टेबलावर अर्ज भरत होती. नाव लिहून झालं, पत्ता लिहून झाला. मग तिने मान वर केली.

"बाबा, खरी लिहू की कामाची?"

ओट्यापाशी भांडं आपटल्याचा आवाज झाला. टाकसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"कागदावर आहे ती लिही," ते म्हणाले.

तिने आधी आकड्यांत लिहिली, मग अक्षरांत. खाडाखोड झाली नाही.