हिर्डोशीपलीकडची चांदीची पट्टी

“सर, चांदीवाल्या पट्टीचा करंट आता साध्या पट्टीपेक्षाही खाली गेलाय,” अश्विनी म्हणाली. आमच्या हेडनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्याची धडगत नसते.

अश्विनी आमची प्रोजेक्ट फेलो, भाटघरची. हे प्रोजेक्ट निभावलं तर तिचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन होणार होतं. नाही तर करार संपला की घरी. तिच्या कामावर देखरेख माझी.

पट्टी म्हणजे काय, ते आधी सांगतो. प्लास्टिकच्या कागदावर कार्बनी रसायनाचा पातळ थर द्यायचा. याला ऑरगॅनिक फिल्म म्हणतात. ऊन पडलं की तिच्यातून वीज वाहते. पण थर इतका पातळ, की बरंचसं ऊन न वापरताच आरपार जातं. म्हणून त्यात चांदीचे नॅनोकण घालायचे. केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी मावतील, इतके बारीक. हे कण उजेड आपल्याभोवती गोळा करतात आणि करंट वाढतो. लॅबमध्ये झकास वाढला होता. उघड्यावर तो टिकतो का, हे बघायला हिर्डोशीच्या पुढच्या एका वाडीत, पारूबाईंच्या गोठ्याच्या पत्र्यावर दोन पट्ट्या बसवल्या होत्या. एक चांदीची, एक बिनचांदीची. अश्विनी दर मंगळवारी भोरहून एसटीने जायची आणि मीटर लावून रीडिंग घ्यायची.

“चांदीची जुळी पट्टी इथे लॅबमध्ये ठणठणीत आहे. मग तिकडचीच कशी मेली?” हेडनी विचारलं.

“सीलिंगचा दोष नाही, सर. साधी पट्टीही मीच सील केलीय, ती चांगली आहे.” मग ती माझ्याकडे वळली. “सर, तुम्ही एकदा तिथं येऊन बघाल का?”

मी त्या वाडीत एकदाही गेलो नव्हतो. गुडघे दुखतात हे सांगायचं कारण, आळस हे खरं. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की खाली उतरवत नाही.

“तिकडे एसट्या किती जातात, मला ठाऊक आहे,” मी म्हणालो. “सगळ्या मंगळवारी गेलीस? का काही आकडे घरी बसून भरलेस?”

“गेले होते, सर,” एवढंच ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला.

“सुंठीवाचून खोकला गेला,” हेड म्हणाले. मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पट्ट्या उतरवून आणायला आता मलाच जावं लागलं. हिर्डोशीला उतरून तासभर चढ चढलो. पारूबाई वयाने माझ्याएवढ्याच. गोठ्यापाशीच भेटल्या.

“ती पोरगी न्हाई आली?”

“तिने काम सोडलं. ती नेमाने यायची का हो, बाई?”

“व्हय की. एक मंगळवार चुकला न्हाई. एस्टी न्हाई मिळाली तर चालत यायची. कितींदा म्हनलं, ऱ्हा आजच्या दिस. न्हाई राह्यली.”

काहीतरी करायचं म्हणून मी पत्र्यावरच्या पट्ट्या सोडवल्या. साधी होती तशीच होती. चांदीची काळपट तपकिरी झाली होती.

“काय हाय ह्यात, साहेब?”

“चांदी. अगदी थोडी.”

“मग काळी पडायचीच. माजी जोडवी बगा.” त्यांनी पाऊल पुढे केलं. “ह्या गॅसच्या टाकीपाशी राबून काळी ठिक्कर पडत्यात. सणाला चिंचंनं घासावी लागत्यात.”

पत्र्याखाली चार हातांवर गोबरगॅसची टाकी होती. शेणाच्या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो चांदीला काळं करतो. दागिना वरवर काळा होतो. नॅनोकण एवढासा, तो आख्खाच जातो आणि उजेड गोळा करायचं सोडून स्वतःच गिळायला लागतो. गॅस पातळ प्लास्टिकमधून हळूहळू आत झिरपला होता. साध्या पट्टीत चांदीच नव्हती, म्हणून ती वाचली. ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री.

परतताना भोरला उतरलो. अश्विनी तिथे एका क्लासमध्ये अकरावीला शिकवत होती. दारातच सगळं सांगितलं. “चुकलो मी. परत ये. हेडशी मी बोलतो.”

“नको, सर.” तिचा आवाज शांत होता. “नोंदवहीत शेऱ्याच्या कॉलममध्ये मी लिहिलं होतं. तुम्ही वाचलं असेल असं वाटलं.”

दुसऱ्या दिवशी कपाटातून तिची नोंदवही काढली. आकड्यांचे कॉलम मी बघायचो. शेरे कधी वाचले नव्हते. तिसऱ्या आठवड्यापासून तिथे बारीक अक्षरात होतं, ‘टाकीचा वास येतो. पट्टीची जागा बदलू का?’ पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘तपासले’ आणि माझी सही.

आता आम्ही कणांवर काचेचं पातळ कवच चढवतो. पट्ट्या टिकतात. अहवालात अश्विनीचं नाव मी पहिलं लिहिलं, पण त्याने रजिस्ट्रेशन होत नाही. ‘तपासले’ लिहिण्याआधी तपासावं, एवढं शिकायला मला नोकरीची एकतीस वर्षं आणि एका मुलीची पीएच.डी. लागली.