साडूबुवांचं पासिंग

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आता सत्तरी ओलांडली, टाळायला पुढे फारशी जागा उरली नाही, म्हणून सांगूनच टाकतो. कर्जत-खालापूर भागात चाकावर चालणारी अशी एकही वस्तू नव्हती, जी आमच्या साडूबुवांनी खाली वाकून पाहिली नव्हती. ते मोटार वाहन निरीक्षक होते, गाड्यांचं पासिंग करायचे, हे खरं. पण नोकरी नंतर लागली, वाकून पाहणं जन्मजात. स्वतःच्या लग्नात मोटारीची पुढची काच मोगऱ्याच्या माळांनी झाकलेली पाहिली आणि हे मुंडावळ्या सावरत खाली उतरले. "ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. ही गाडी हलणार नाही." सासरे हातापाया पडले, फुलवाला रडकुंडीला आला, हे ढिम्म. शेवटी नवरा-नवरी कार्यालयापासून भिसेगावपर्यंत चालत गेली; पुढे बँड, आणि सगळ्यांच्या मागे ती सजलेली रिकामी मोटार. मेहुणी अजून सांगते, "पाय सोलले हो भावजी, पण मिरवले किती!"

कोणाच्याही घरी झोपाळ्यावर बसण्याआधी ते कड्यांना लोंबकळून बघत. बारशाला गेले की बाळाच्या आधी पाळण्याकडे जात. जत्रेत देवाच्या रथापुढे उभं राहून त्यांनी पुजाऱ्याला विचारलं, "उतारावर याला ब्रेक कुठे?" पुजारी म्हणाला, "देव बसलाय की वर!" "देव वर आहे, पण उतार खाली आहे." त्या वर्षापासून रथाला मागून दोरखंड बांधून चार गडी धरायला लागले, आणि आता लोक सांगतात की ही फार जुनी प्रथा आहे. दसऱ्याला ते स्टँडवर फिरून नंबर प्लेटवरचे झेंडू बाजूला सारत. "देवीला तुमचा नंबर पाठ आहे, पोलिसाला नाही."

आमच्याकडे पासिंगचा कॅम्प खोपोलीच्या वाटेवरच्या मैदानात भरायचा. माझी एक मिनीबस होती. लग्नाची वऱ्हाडं, शाळेच्या सहली असली कामं करायची. स्टँडवरच्या आम्हा सगळ्यांची मिळून चांगल्या टायरांची एक जोडी होती, लाल रंगाचं आग विझवायचं एक नळकांडं होतं आणि औषधाची एक पेटी होती. देवळातली मोठी पातेली जशी ज्याच्या घरी कार्य त्याच्याकडे जातात, तसं हे सामान ज्याचं पासिंग त्याच्या गाडीत जायचं. साडूबुवा त्या टायरांना ओळखीच्या माणसांसारखे भेटत. "या, या! मागच्या कॅम्पात तुम्ही लोधिवलीच्या टेंपोला होतात ना? प्रवास बरा झाला?" आणि मालकाला म्हणत, "पाहुणे परत पाठवा, घरची माणसं घेऊन या."

ब्रेक तपासायची त्यांची रीत कुठल्याच नियमात नव्हती. मैदानात चुन्याची रेघ ओढायची, ड्रायव्हरला गाडी जोरात आणून रेघेवर थांबवायला सांगायचं, आणि रेघेच्या पलीकडे उभं करायचं गाडीच्या मालकाला. निम्मे मालक तिथेच म्हणत, "थांबा साहेब, जरा गॅरेजला दाखवून आणतो."

लग्नसराई तोंडावर आली असताना माझी मिनीबस त्या मैदानात गेली. ब्रेक धड नाहीत हे मला ठाऊक होतं. वाटलं, साडू आहे, निभावून नेईल. "अण्णा, उभे राहा," ते हसून म्हणाले. मी राहिलो. बस यायला लागली आणि माझे पाय आपोआप बाजूला झाले. बस रेघ ओलांडून पार कुंपणापर्यंत गेली. कडेला करवंदं विकत बसलेली वाडीवरची म्हातारी टोपलीवर वाकवाकून हसली. "गाडी तुझीच नं रं? मंग पलतोस कशाला?" साडूबुवाही हसले आणि हलकेच म्हणाले, "अण्णा, वऱ्हाडाला बाजूला व्हायला जागा नसते." पासिंग नाकारलं.

स्टँडवर आलो तर मंडळी वाट पाहत होती. "ओ अण्णा, ह्यो तुमचा साडू हाय का सवत? घरच्या मान्साची गाडी पास करीत नाय!" मी माझ्याच गाडीला घाबरून पळालो, हे कसं सांगणार? मी फक्त अंगठा तर्जनीवर चोळला, नोटा मोजतात तसा. एवढंच. सगळ्यांना समजलं.

पुढच्या कॅम्पापासून लोक साडूबुवांसमोर पाकिटं धरायला लागले. रविवारी आमच्याकडे जेवताना त्यांनी विचारलं, "अण्णा, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हो?" मी आमटी वाढून घेतली. त्यानंतर त्यांनी कॅम्पात कोणाचा चहा घेणं सोडलं, मग पाणी सोडलं, शेवटी खुर्चीसुद्धा घरून न्यायला लागले. मी ब्रेक दुरुस्त करून घेतले, पुढच्या खेपेला रेघेपलीकडे उभा राहिलो, बस वेळेवर थांबली, आणि सगळ्यांदेखत त्यांनी मला मिठी मारली. स्टँडवरची मंडळी मात्र म्हणाली, "अण्णांनी दिले वाटतं." मी बसची काच पुसत राहिलो. ते निवृत्त झाले त्या दिवशी स्टँडवरून कोणी एक नारळ घेऊनही आलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात मांडवाचा थाट बघून दोन माणसं एकमेकांकडे पाहून हसली, आणि ते साडूबुवांनी पाहिलं.

आता तपासणीला यंत्रं आली म्हणतात. साडूबुवा मागच्या वर्षी गेले. त्यांनी आयुष्यात कोणाकडून काही घेतलं नाही. ते बोट माझं होतं. हे ज्यांनी वाचलं, त्यांनी इतरांना सांगावं.

साडूबुवांना सांगायला मी गेलो होतो. ते खाटेवर पडून होते, मेहुणी औषधं आणायला गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "बुवा, तुम्हाला एक सांगायचं होतं." त्यांनी मान वळवली, डोळ्यांत तीच जुनी गंमत. "सांगा ना अण्णा."

"पाणी आणू का?" मी म्हणालो.

"आणा," ते म्हणाले. मी आणलं, त्यांना आधार देऊन बसवलं. ते सावकाश सगळं पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "बरं वाटलं."